मेहनत सुटल्यावरचा खुराक

कोल्हापूर शहरातील समस्त तालमींचे वस्ताद आणि कार्यकारी मंडळे यांस,



रक्तदाब आणि रक्तातील मेद यांविषयीचे पत्र वास्तविक महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे अगर छत्रपती प्रमिलाराजे (सी.पी.आर.) रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांकडे जावयास हवे, ते तालमीच्या कट्ट्यावर कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच की, ज्या इसमांसंबंधी मला लिहावयाचे आहे ते, म्हणजे चाळिशी ओलांडलेले आणि साठीच्या अलीकडचे पुरुष, छातीत कळ आल्यावाचून रुग्णालयाची पायरी चढत नाहीत; आपल्या तालमीच्या कट्ट्यावर मात्र ते दिवेलागणीच्या सुमारास न चुकता हजर असतात. कोल्हापुरात तालीम ही हौद्यातल्या तांबड्या मातीपुरती संस्था कधीच नव्हती. पेठेचा गणपती तिने बसवला, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींनी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ उतरवले, भाऊबंदकीचे तंटे तिच्या ओसरीवर मिटले, आणि २०१९ व २०२१ साली पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले तेव्हा सरकारी मदतीची वाट न पाहता तालमी-मंडळांची पोरे पाण्यात उतरली. ज्या संस्थेचा शब्द घरच्या माणसाच्या शब्दाहूनही अधिक वजनाने ऐकला जातो, तिच्याकडेच ही विनंती करणे मला उचित वाटते.

माझी हयात याच शहरात वैद्यकीय व्यवसाय करण्यात गेली असल्याने एक गोष्ट मी पुनःपुन्हा पाहत आलो आहे. पंचेचाळिशीचा एखादा गृहस्थ येतो, 'बीपीची गोळी चालू आहे' असे समाधानाने सांगतो, आणि रक्तातील चरबी कधी तपासली होती काय असे विचारले असता 'तो त्रास मला नाही' असे म्हणून मोकळा होतो. दुसरा कोणी येतो तो विम्याच्या तपासणीत वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा कागद घेऊन. त्याने घरातले तेल कमी करविलेले असते, परंतु दंडाला पट्टा बांधून घेण्यास तो कुरकुरतो, कारण त्याचे डोके दुखत नाही आणि त्याला चक्कर येत नाही. ही दोन दुखणी निराळी, त्यांचे डॉक्टर निराळे आणि त्यांची पथ्येही निराळी, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत असते. माझे म्हणणे याच्या उलट आहे: मध्यम वयाच्या पुरुषात रक्तातील मेद आणि रक्ताचा दाब हे बहुधा एकाच बिघाडाचे दोन दाखले असतात, ज्याच्यापाशी एक सापडला त्याच्यापाशी दुसरा शोधलाच पाहिजे, आणि पुष्कळदा मेदाचा दाखला दाबाच्या कित्येक वर्षे अगोदर हाती येतो.

असे का घडते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण मूळ कळल्यावाचून पथ्य पाळण्याचा कोल्हापूरकरांचा स्वभाव नाही, आणि तो नसावा हेच बरे. हृदयातून निघालेले रक्त ज्या धमन्यांतून शरीरभर फिरते त्यांना आतून एकाच थराच्या पेशींचे अत्यंत नाजूक अस्तर असते. हे अस्तर म्हणजे निर्जीव वेष्टन नव्हे. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू क्षणोक्षणी निर्माण करीत असते, आणि त्या वायूच्या योगाने धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडून रक्ताची वाट रुंदावते. ज्यांना एलडीएल म्हणतात ते कोलेस्टेरॉल वाहणारे कण रक्तात प्रमाणाबाहेर वाढले, म्हणजे ते या अस्तराखाली शिरून तेथेच अडकतात, तेथे विकृत होतात, आणि त्या विकृतीने अस्तराची वायू निर्माण करण्याची शक्ती क्षीण होत जाते. धमनी आखडलेली राहिली की तेवढेच रक्त ढकलण्यास हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. वर्षे लोटतात तशी ही भिंत केवळ आखडत नाही, ती कठीणही होते. उसाला पाणी देणारा रबरी पाइप नवा असताना पाण्याच्या प्रत्येक उसळीसरशी किंचित फुगतो आणि पुन्हा बसतो, परंतु दोन-चार उन्हाळे अंगावर घेतल्यानंतर तो ताठरतो आणि मोटारीचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा टोकापर्यंत पोहोचवतो. धमनीचे ताठरणे याच जातीचे असून रक्तदाबाचा वरचा आकडा पन्नाशीनंतर चढत जातो त्याचे एक मोठे कारण हे आहे.

हा व्यवहार एकाच दिशेने चालत असता तर त्याचा बंदोबस्त सोपा होता. पण वाढलेल्या दाबाचे आघात त्या नाजूक अस्तराला इजा करतात, आणि इजा झालेल्या अस्तरातून मेदाचे कण पूर्वीपेक्षा सुलभतेने आत शिरतात. याचा एक विलक्षण पुरावा आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. हृदयाकडे परत येणाऱ्या नीलांतूनही तेच रक्त वाहते, त्यात तेच कोलेस्टेरॉल असते, तरी नीलांच्या भिंतीत मेदाची ती पुटे धरत नाहीत, कारण तेथे दाब अगदी कमी असतो. मात्र बायपासच्या शस्त्रक्रियेत पायाची नीला काढून हृदयाच्या धमनीला जोडली, आणि धमनीचा दाब तिच्या वाट्याला आला, म्हणजे काही वर्षांत तीच नीला धमनीप्रमाणे मेदाने भरू लागते. मेदावाचून नुसता दाब, किंवा दाबावाचून नुसता मेद, यांपैकी कोणताही एकटा जेवढी हानी करतो तिच्याहून पुष्कळ अधिक हानी ते दोघे मिळून करतात, ते याच कारणाने.

तिसरा भागीदार पोटाच्या आत साठलेला मेद. कातडीखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी तशी नसते. ती यकृताकडून ट्रायग्लिसराइड नावाचा मेद रक्तात ओतवते, हितकर म्हणून गणलेले एचडीएल घटवते, आणि इन्शुलिनचा अंमल ढिला पाडून शरीराला ते अधिक प्रमाणात निर्माण करावयास लावते. ते वाढलेले इन्शुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवण्यास प्रवृत्त करते आणि दाब वाढतो. एका पोटातून दोन्ही आकडे कसे चढतात, ते यावरून ध्यानात यावे.

या गोष्टी नुसत्या तर्काच्या नाहीत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावातील पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी १९४८ साली सुरू झाली, तोवर वयानुसार दाब वाढणे हे स्वाभाविक आणि कदाचित आवश्यकही आहे असे नामांकित डॉक्टर मानीत. ती समजूत या तपासणीने मोडून काढली, आणि वाढलेला दाब व वाढलेले कोलेस्टेरॉल हे हृदयविकाराचे पूर्वसूचक आहेत हे दाखवून दिले. पुढे त्याच देशात ३५ ते ५७ वर्षे वयाच्या तीन लाखांहून अधिक पुरुषांची बारा वर्षांची नोंद तपासली गेली, तेव्हा असे दिसले की ज्यांचा दाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही सर्वांत वरच्या गटात होते आणि जे शिवाय सिगारेट ओढीत होते, त्यांच्यात हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण, दोन्ही आकडे सर्वांत खालच्या गटात असलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या सुमारे वीसपट होते. माझ्या विषयाला सर्वांत निकटचा पुरावा २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला नव्हता अशा ३,११० अमेरिकन डॉक्टरांची सुमारे १४ वर्षे नोंद ठेवली गेली आणि त्या मुदतीत त्यांपैकी १,०१९ जणांना रक्तदाबाचा विकार जडला. आरंभी ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सर्वांत वरच्या पंचमांशात होते त्यांना तो जडण्याचा संभव सर्वांत खालच्या पंचमांशापेक्षा २३ टक्क्यांनी अधिक आणि ज्यांचे एचडीएल सर्वांत जास्त होते त्यांना ३२ टक्क्यांनी कमी होता. आज मेदाचा कागद बिघडलेला आणि दाब मात्र ठीक असलेल्या चाळिशीच्या माणसाला 'तूर्त काही नाही' असे सांगून परत पाठवणे मला जे अयोग्य वाटते, ते या आकड्यांमुळे.

तथापि कोणी यावरून असा सिद्धांत काढू नये की दोन्ही आकडे नेहमी बरोबरीनेच चढतात. दाब चढण्यास मीठ आहे, मद्य आहे, आनुवंशिकता आहे, मूत्रपिंडाचे विकार आहेत, रात्रपाळी आणि अपुरी झोप आहे. उद्यमनगरातील आणि शिरोलीच्या वसाहतीतील फाउंड्रीत वर्षानुवर्षे पाळ्या करणाऱ्या एखाद्या सडसडीत कामगाराचे कोलेस्टेरॉल उत्तम आणि दाब भयंकर, असेही आढळते. म्हणूनच एका तपासणीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये, दोन्ही कराव्यात.

आता आपल्या माणसांविषयी. परदेशी ग्रंथांतील रोगी आणि आपल्या पेठेतील रोगी यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्याकडील माणूस बाहेरून कृश दिसला तरी आतून मेदाळ असू शकतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. २००४ साली त्यांनी स्वतःची आणि इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे असता युडकिन यांच्या शरीरात मेद ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के निघाला. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१४ साली आले, एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के, आणि हितकर एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के आढळले. अर्थात 'माझे कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे' एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडील माणसाने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. कागदावरच्या उरलेल्या ओळी वाचल्या पाहिजेत. या सर्वांचा परिणाम काय, तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांत सरासरी ५९ व्या वर्षाच्या सुमारास, आणि आपल्या उपखंडात ५३ व्या वर्षी. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, घराचे हप्ते उरलेले असतात, अशा वयात.

आणि येथेच, वस्ताद, मला आपल्याशी मनमोकळे बोलावयाचे आहे. पैलवानाचा खुराक ही कोल्हापूरची विद्या आहे, आणि तिचा अनादर करणाऱ्यांतला मी नव्हे. पहाटे उठून शेकड्यांनी जोर आणि हजारांनी बैठका काढणाऱ्या, दुपारी हौदा खणून संध्याकाळी पुन्हा लढती करणाऱ्या विशीतल्या पोराला म्हशीचे धारोष्ण दूध, लोणी, तूप, बदाम, कुंडीत घोटलेली थंडाई आणि मटण यांतले काहीही अति होत नाही. तो ते सर्व घामावाटे आणि स्नायूंवाटे फेडून टाकतो. जमाखर्च तेथे बरोबर जुळतो. पण तिशीच्या आसपास कुस्ती सुटते, गुडघा दुखावतो, नोकरी लागते, संसार मागे लागतो. मेहनत एका वर्षात थांबते, आणि खुराक मात्र पुढची तीस वर्षे चालू राहतो. ज्याने कधी लांगही बांधली नाही असा इसमही पैलवानी खुराक आपला जन्मसिद्ध हक्क समजतो, आणि रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्याने लोटाभर दूध रिचवणे, आखाडात एकामागून एक जेवणावळी झोडणे, रस्सा मंडळाच्या पंगतीत चौथी-पाचवी वाटी मागणे यांत पुरुषार्थ मानतो. जुन्या पैलवानाच्या रुंद छातीखाली कमरेचा घेर वाढू लागतो तेव्हा लोक त्याला 'भरला' असे कौतुकाने म्हणतात. वैद्याला त्या कौतुकाची धास्ती वाटते.

आपला तांबडा-पांढरा रस्सा मी कोणाकडून हिरावून घेऊ इच्छीत नाही. रविवारी दोन वाट्या रस्सा घेऊन आठवडाभर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, कांदा आणि ताक यांवर राहणारा शेतकरी मला पुष्कळ पाहावयास मिळाला आहे, आणि त्याचे दोन्ही आकडे शहरी माणसाला लाजवतील असे असतात. घात होतो तो रोजच्या गोष्टींनी: मिसळीवरच्या कटाच्या तवंगाने, वडापाव-भजींच्या पुनःपुन्हा उकळलेल्या तेलाने, बैठ्या दिवसानंतरच्या भातावर भात या शिरस्त्याने, गोड चहाच्या फेऱ्यांनी, आणि ज्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही त्या मिठाने. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाच्या लहान चमचाभराच्या आत, सांगितले आहे. आपल्या ताटात लोणचे, पापड, खर्डा, सुकी मासळी, आणि संध्याकाळी भडंग, इतक्या वाटांनी मीठ येते की भाजीत ते न घालताही मर्यादा ओलांडली जावी. तंबाखूविषयी वेगळे काय लिहावे? निपाणीचे शिवार इतके जवळ असल्याने ती आपल्याकडे परकी कधी वाटलीच नाही. परंतु चिमूट मळून दाढेखाली धरली की थोड्याच वेळात नाडी आणि दाब दोन्ही चढतात, हे कोणत्याही तालमीत यंत्र लावून पडताळून पाहता येईल.

राजर्षी शाहू महाराजांचे नाव या पत्रात घ्यावे की न घ्यावे याचा मी बराच विचार केला. ज्यांनी खासबागेचे मैदान उभारले, मल्लविद्येला दरबारचा आश्रय दिला, आणि ज्यांच्या पुण्याईवर आपल्या तालमी उभ्या आहेत, ते महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेले तेव्हा त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. शंभर वर्षांनंतर त्यांच्या रोगाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही आणि तसे धाडस मी करणार नाही. मी केवळ काळाकडे बोट दाखवतो. दंडाला पट्टा बांधून आणि धमनीचा आवाज ऐकून दाब मोजण्याची पद्धत रशियातील डॉ. कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ साली सांगितली होती. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांच्या धमन्या मेदाने भरतात हे १९१३ साली त्याच देशातील डॉ. आनिच्कॉव्ह यांनी दाखवले होते. म्हणजे ज्ञानाचा उदय झाला होता, परंतु उपचार असा काहीच नव्हता. आपल्या प्रजेच्या उद्धारासाठी आणखी पंचवीस वर्षे ज्यांनी झिजावयास हवे होते त्या पुरुषाला आपण ज्या वयात गमावले, त्या वयाच्या माणसांना आज उपचार उपलब्ध असताना आपण गमवावे, हे मला असह्य वाटते.

त्या उपचाराच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात रुग्णांच्या नोंदींसह प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. त्यानंतर अधिक चांगली औषधे आली, मेदासाठी स्टॅटिन आली, आणि ही दोन्ही एकत्र दिल्याने काय साधते याचा कौल २००३ साली मिळाला: ब्रिटन व उत्तर युरोपातील दहा हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांत, ज्यांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेलेही नव्हते, दाबाच्या औषधाबरोबर स्टॅटिनची लहानशी मात्रा दिली असता हृदयविकार ३६ टक्क्यांनी घटला, आणि पाच वर्षांसाठी योजलेला तो प्रयोग सव्वातीन वर्षांच्या सुमारासच थांबवावा लागला. म्हणून कट्ट्यावर जेव्हा 'गोळी एकदा लागली की सुटत नाही, त्यापेक्षा न घेतलेली बरी' असे कोणी म्हणेल, तेव्हा त्याला वस्तादांनी तेथेच अडवावे अशी माझी कळकळीची प्रार्थना आहे. आकडा उतरला तो गोळीमुळे उतरला. ती परस्पर बंद केली की तो पुन्हा चढतो, आणि पुष्कळदा त्याची वर्दी अर्धांगवायूच देतो.

आता प्रत्यक्ष तजवीज. प्रत्येक तालमीने दंडाला पट्टा बांधण्याचे एक चांगले स्वयंचलित यंत्र घ्यावे. वर्गणीतील एका आरासखर्चाच्या मानाने त्याची किंमत नगण्य आहे. मनगटाचे यंत्र घेऊ नये. मोजण्यापूर्वी माणसाला पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसवावे, अर्धा तास आधीपासून चहा आणि तंबाखू वर्ज्य करावी, बाही वर सारून उघड्या दंडावर पट्टा बांधावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा निरनिराळ्या दिवशी पुन्हा आढळला तर त्या माणसाला कोणी तरी सोबत घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. 'जाऊन ये' असे सांगितल्याने तो जात नाही. जवळच्या सातारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात ठरलेले औषध आणि प्रत्येक रुग्णाची चालती नोंद या साध्या पद्धतीने काम झालेले आहे, म्हणजे मी काही अशक्यप्राय गोष्ट मागत नाही.

रक्तातील मेदाची तपासणी वर्षातून एकदा, आणि तिच्यासाठी २६ जून, महाराजांची जयंती, याहून योग्य निमित्त मला सुचत नाही. चाळिशीपुढच्या प्रत्येक सभासदाची सी.पी.आर. अगर जवळच्या प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, आणि पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती आता उरलेली नाही हेही सर्वांना सांगावे, कारण त्या सबबीवर पुष्कळांची तपासणी वर्षानुवर्षे लांबते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या खाली, आणि ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्याचे ७० च्या खाली असावे. दाबाच्या रुग्णाला मेदाचे माप अधिक कडक लागते, हे ज्याच्या त्याच्या कानावर गेले पाहिजे. या तपासण्यांची एक नोंदवही ठेवून तीत नावापुढे दाब, मेद आणि कमरेचा घेर हे तिन्ही रकाने एकाच पानावर ठेवावेत, निराळ्या वह्या करू नयेत.

राहता राहिली मेहनत. ज्यांची कुस्ती सुटली त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक तास वस्तादांनी राखून ठेवावा, आणि गुडघ्यांना झेपेल असा व्यायाम, नाही तर रंकाळ्याभोवती भरभर चालण्याचा नेम त्यांना लावून द्यावा. जुन्या पैलवानांना डॉक्टरने सांगितलेले पथ्य अपमानास्पद वाटते. वस्तादांनी ठरवून दिलेला कमी खुराक ते आज्ञा म्हणून स्वीकारतील, असा मला भरवसा आहे.

कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत हा विषय घ्यावा. यंत्र वापरण्याची रीत तालमीतील दोघा-तिघा मुलांना शिकवण्यासाठी मी स्वतः येईन. दिवस आणि वेळ आपण कळवावी.



आपला नम्र,
पेठेतील एक जुना डॉक्टर
कोल्हापूर